ठकाची दुखरी नस

ठकांचा जुना विनोदी सिनेमा टीव्हीवर लागला की मी हातातलं काम टाकून बसतो. "आयुष्यभर ज्यांना आत टाकलंत, त्यांच्यावरच हसता!" असं बायको दरवेळी म्हणते. आणि दरवेळी मला वसईतली ती घटना आठवते.

सांडोरच्या एक बाई आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. निवृत्त शिक्षिका, केळीची वाडी असलेल्या ख्रिस्ती घरातल्या. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. एक गोडबोल्या माणूस शूटिंगसाठी वाडी बघायला म्हणून आला आणि बाईंना नवरीच्या आईची भूमिका देऊन बसला. त्यांना लाल लुगडं नेसायला लावून विहिरीपाशी उभं केलं. "मावशी, खरं सोनं कॅमेऱ्यात चकाकतं. ते माझ्याकडे द्या, ही खोटी माळ घाला." बाईंच्या आजीची पोत घेऊन तो 'लाइट आणतो' म्हणून गेला, तो गेलाच. त्या घरातली प्रत्येक मुलगी हीच पोत घालून वेदीपुढे उभी राहिली होती.

"तुम्ही मास्तरीणबाई. शंका नाही आली?" मी विचारलं.

"आली ना, साहेब. पण इतकं छान बोलत होता, मध्येच तोडवेना." मग त्यांचा बांध फुटला. "आता पोरीला काय सांगू?"

गुन्हा दाखल करून आळीत जबाब घेतले. चेहरा कुणालाच धड सांगता येईना, पण त्याची नक्कल जो तो करून दाखवी आणि हसे. फसवणुकीच्या गुन्ह्यात साक्षीदार हसताना मी पहिल्यांदाच पाहिले.

पुढे सातिवलीच्या एका चहावाल्याने खबर दिली. तुळिंजमध्ये नाटकाचे कपडे भाड्याने देणारा एकजण टपरीवर येऊन शूटिंगचा किस्सा रंगवून सांगतो, गाळ्यांतले कामगार पोट धरून हसतात. त्याला उचलला. दुकानाची झडती घेतली, तर मुकुट, तलवारी, खोट्या दागिन्यांची ताटं, अगदी आमचे गणवेशसुद्धा! पोत मात्र नाही.

चौकशीत पठ्ठ्याने ठाण्यालाच हसवलं. हवालदाराने त्याला स्वतःच्या पैशाने चहा पाजला. कबुलीचं नाव नाही. शेवटी मी तोंड वाकडं करून म्हणालो, "गोष्ट झकास, पण शेवट पडला. पोत विकून खाल्लीस. कुठलाही भुरटा हेच करतो."

त्याला ते फार लागलं. "विकली? अहो साहेब, तुमच्या हवालदाराने हातात घेऊन परत ताटात ठेवली!"

हवालदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बाईंना घेऊन आम्ही दुकानात धावलो, तर ताट रिकामं. त्याच्या नोकराने सगळे दागिने शाळेच्या गॅदरिंगला भाड्याने दिलेले! तिथे पोचलो तेव्हा स्टेजवर एक चिमुरडी राणी उभी होती. "तीच ती!" बाई तिच्या गळ्याकडे बघत पुटपुटल्या. मी पुढे झालो, तशी त्यांनी माझी बाही धरली.

"थांबा साहेब. तिचं वाक्य राहिलंय."

पंचनामा झाला, कोर्टाच्या परवानगीने पोत वेळेत घरी गेली. ठक तुरुंगात गेला.

सिनेमातला ठक आपल्याला आवडतो, कारण तिथे बहुधा कुणी माजोरडाच फसतो आणि शेवटी सगळं जागच्या जागी येतं. खऱ्या केसमध्ये सहसा तसं होत नाही. कितीतरी तक्रारदारांना मी रिकाम्या हाताने परत पाठवलंय, त्याचं वाईट आजही वाटतं. आता तर ठक फोनवरून ओटीपी मागतो. त्याचं तोंडसुद्धा दिसत नाही, हसणार कुणाला? माझ्या नोकरीत ही एकच केस पिक्चरसारखी संपली. म्हणून ते पिक्चर मला इतके गोड लागतात.

लग्नाला मी गेलो होतो. नवरीच्या गळ्यात पोत, आणि पाहुण्यांत त्याच ठकाच्या नकला! बाई माझ्या पानात वाढता वाढता म्हणाल्या, "खरं सांगू साहेब? तो सुटून आला ना, तर त्यालाही असंच पोटभर वाढीन."

मग पुढच्या पानाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पण आधी पोत कुलपात ठेवीन."