तेलाच्या चिंध्या आणि गणपा पेंटर

जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोंबल्या की आपोआप पेटतात. काडी लावावी लागत नाही.

हे गणपाला सांगून सांगून माझी जीभ झिजली.

आज सकाळी गणपा गेला. त्याच्या सुनेचा फोन आला.

सत्तरच्या दशकात इस्लामपुरात आमचं दोघांचं दुकान होतं. पाट्या रंगवायच्या, गेलेल्या माणसांची ऑइल पोर्ट्रेट करायची. दोघंही बघून बघून शिकलेलो. हात गणपाचा सरस. शिस्त मात्र शून्य.

काम झालं की ब्रश टर्पेंटाइनमध्ये खळबळायचा, मग साबणानं धुवायचा. एवढं साधं.

हा नुसता पुसायचा. सकाळी ब्रशचा खराटा झालेला.

आणि ब्रश पुसलेल्या तेलकट चिंध्या पोत्यात.

म्हटलं, एकेक सुटी वाळत घाल, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लाव.

"चिंध्यांस्नी पाणी? आमच्या दुष्काळी माण तालुक्यात माणसाला मिळंना, गड्या."

अरे बाबा, इथं उसाला पाटानं पाणी जातंय. पण ऐकेल तर गणपा कसला.

एक आई आली. मुलगा फौजेत होता, परत आला नाही. घरात त्याचा एकच फोटो. पोर्ट्रेटसाठी तो तिनं आमच्याकडं ठेवला. देताना पदरानं पुसला, परत पुसला.

चैत्रातली दुपार. चहा पिऊन येतो तर पोत्यातून धूर. शेजारी पोर्ट्रेट, वर खिळ्याला फोटो.

मी समोरच्या हॉटेलातून बादली आणेस्तोवर गणपा आत शिरलेला.

फोटो वाचला. पोर्ट्रेट गेलं. गणपाचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

मी त्याला काय काय बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ठरल्या दिवशी ती आई आली. गणपानं आधी फोटो तिच्या हातात दिला. मग मान खाली घालून सगळं सांगितलं.

तिनं फोटोकडं बघितलंच नाही. त्याच्या हाताच्या पट्टीकडं बघत राहिली.

"तुज्या आईला कळवलंस का रं?"

कळवलं नव्हतं.

माझ्या एवढ्या शिव्या खाऊन न हललेला माणूस, उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडला.

चित्राची घाई न्हाई म्हणाली, आणि त्याच दिवशी तिनं त्याला आईकडं जायला दहिवडीच्या एस.टी.त बसवलं.

हात बरा झाल्यावर पोर्ट्रेट झालं. झकास झालं. चिंध्या दोरीवर सुट्या वाळू लागल्या.

ब्रश? ते काय शेवटपर्यंत धुतले नाहीत.

गणपा, लय बोललो तुला. बोलायलाच पाहिजे होतं.

आता आईकडंच निघालायस. नीट जा गड्या.

भरल्या मनानं रामराम.