बिर्लानगरची गुडमार

माझे सासरे सूर्याजी मोहिते यांना ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात नावाने फारसं कोणी ओळखत नाही. ‘गुडमारवाले दादा’ म्हटलं की पानटपरीवालासुद्धा घरापर्यंत आणून सोडतो. मी त्यांची सून, विनिता. सिटी सेंटरच्या एका लॅबमध्ये रोज पन्नास-साठ जणांचं रक्त काढते. आमचं दोघांचं पटायचं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

कापडमिल बंद पडली तेव्हा ते चाळिशीत होते. पुढे चौकीदारी केली, सायकलवर कपडा विकला, पण कुठेच जीव रमला नाही. सासूबाई साखरेच्या आजाराने गेल्या आणि हा माणूस शिवपुरीच्या एका म्हाताऱ्या वैद्याकडून गुडमारीची फांदी घेऊन आला. मराठीत हिला बेडकीचा पाला म्हणतात, पण ग्वाल्हेरात म्हणणार कोण! पहिली फांदी मेच्या लूच्या झळांनी जाळली. दुसरी डिसेंबरच्या थंडीत काळी पडली. शेजारी हसले. तिसरीला त्यांनी ओली पोती गुंडाळली, दिवसातून चारदा पाणी शिंपडलं आणि थंडीत तिच्यावर स्वतःची जुनी घोंगडी टाकली. “धागा तुटला म्हणून मी कधी लूम सोडून घरी नाही आलो,” म्हणायचे. आता ती वेल मागच्या अंगणातली सगळी जाळी व्यापून बसलीय. पावसाळ्यात तिला बारीक पिवळी फुलं येतात. फुलं कसली, कण्या! पण मामंजी घरात येईल त्याला हात धरून दाखवतात.

साखरेवर पाला मागायला लोक यायचे, त्यांना तो द्यायची एक रीत होती. परीक्षा झाल्याशिवाय पान द्यायचं नाही. समोर दोन पानं चावायला लावायची, मग गजकचा, म्हणजे तीळ-गुळाच्या खुसखुशीत वडीचा, तुकडा द्यायचा. गुडमार जिभेवरची गोडी मारते, त्यामुळे गजक तोंडात माती होऊन जाते. माणूस तोंड वाकडं करायचा आणि मामंजींचा चेहरा फुलायचा. “असली आहे. बाजारातल्या पावडरीत हा दम नाही.”

याच रीतीने घात केला. लोकांना वाटायला लागलं, तोंडातली साखर गेली म्हणजे रक्तातलीही गेली. लोकांचं सोडा, खुद्द मामंजींना वाटायला लागलं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांनाही साखर सांगितली होती. गोळ्या महिनाभर घेतल्या, मग डबी कपाटात गेली. मी म्हणायचे, “मामंजी, एक थेंब रक्त द्या, बस.” ते म्हणायचे, “सूनबाई, माझी लॅब अंगणात आहे.” जगाचं रक्त मी तपासायचं आणि घरच्या माणसाने मला हात लावू द्यायचा नाही. मला राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची. सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत त्यांचं सगळं मीच केलं होतं.

या फेब्रुवारीत लष्कर भागातले भालचंद्र मुजुमदार, मामंजींचे चाळीस वर्षांचे दोस्त, स्वतःच्या घरात चक्कर येऊन पडले. साखर पाचशेच्या वर. दवाखान्यात कळलं की संक्रांतीपासून गोळ्या बंद होत्या. रोज सकाळी मामंजींनी दिलेला पाला चावायचे आणि दुपारी पाव किलो गजक खायचे. गोड लागत नाही म्हणजे बाधत नाही, असा त्यांचा हिशोब.

चौथ्या दिवशी मुजुमदार काकांची तब्येत सावरली, तेव्हा त्यांच्या पत्नी लीलाताई ऑटो करून आमच्याकडे आल्या. बसल्यासुद्धा नाहीत.

“सूर्याजी, ही वेल काटून टाका. मी बघितल्याशिवाय जाणार नाही.”

मामंजी आत गेले. आतून कोयता घेऊन आले आणि वेलीच्या बुंध्याशी उकिडवे बसले. खरं सांगते, मला बरं वाटलं. त्यांनी बुंध्यावरून हात फिरवला. मग कोयता बाजूला ठेवून उठले.

“वहिनी, वेल झूठ नाही बोलली. ती जिभेचं बोलली, मी त्यावरून रक्ताचा हिसाब लावला. गलती माझी आहे, तिला कशाला काटू?”

“मग तुम्ही काय करणार?” लीलाताईंनी विचारलं.

त्यांनी बाही वर केली आणि हात माझ्यासमोर धरला. “विनिता, घे.”

दोन वर्षं अंगणाला लॅब म्हणणारा माणूस! मी धावत जाऊन बॅगेतली सिरिंज आणली. लीलाताई तिथेच पायरीवर बसल्या. नमुना घेऊन मी लॅबला गेले आणि संध्याकाळी रिपोर्ट आणून मामंजींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. कपाटातली डबी काढली, तारीख उलटून गेलेली बघून मला म्हणाले, “उद्या डॉक्टरकडे चल माझ्यासोबत.”

दुसऱ्या दिवशी परत आल्यावर त्यांनी तो रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि वेलीच्या जाळीला तारेने बांधला, येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर. गजकची परीक्षा बंद. डॉक्टरांना विचारून आल्याशिवाय आणि गोळ्या चालू असल्याचं दाखवल्याशिवाय आता कोणाला पान मिळत नाही. निम्मे लोक यायचे बंद झाले. मामंजी म्हणतात, होऊ दे.

मागच्या रविवारी मुरारहून एक बाई आली होती. तिला वाचता येत नव्हतं. मामंजी जाळीपाशी ताठ उभे राहिले आणि तिला मोठ्याने वाचून दाखवलं, “सूर्याजी मोहिते, उम्र चौहत्तर, शुगर तीन सौ बारह.” मग थांबून, कागदावर नसलेलं तेवढं स्वतःच्या मनाने जोडलं, “गुडमार का पत्ता रोज खाता था.”