हातमागकाका

हातमागकाकांचा आणि हातमागाचा काडीचाही संबंध नव्हता. बिघडलेल्या कॉम्प्युटरच्या खोलीत पाऊल टाकलं की ते झाडून सगळ्यांना, अगदी शेठलासुद्धा, "हात मागे" म्हणायचे. सगळे पाठीमागे हात बांधून उभे राहीपर्यंत आपली बॅग उघडायचे नाहीत. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या आमच्या सुरतेतल्या लिंबायतकरांनी त्यावरून त्यांचं बारसं करून टाकलं. नव्या माणसाला वाटायचं, हे सतरंज्या विणत असतील.

ते मूळचे धुळ्याकडचे, राहायचे डिंडोलीत. नव्वदच्या दशकात सुरतेत कॉम्प्युटर विकणारे गल्लोगल्ली झाले होते, पण त्यातलं गेलेलं परत आणणारा हा एकच बाबा आम्हाला ठाऊक होता. घरी अहिराणी, शेठलोकांशी गुजराती, आणि मशीनसमोर बसले की मौन. त्यांचा पहिला प्रश्न मशीनबद्दल नसायचाच. "काय व्हयनं ते मंग सांगा. हात कोणी लावला?" उत्तरही ठरलेलं असायचं, कोणीच नाही. "हां, मंग आपोआपच व्हयनं," असं म्हणून ते चष्मा पुसायला घ्यायचे.

एका दसऱ्याला 'कोणीच नाही' म्हणणारी मी होते.

साड्या छापणाऱ्या एका मिलमध्ये मी डिझाइन खात्याची ऑपरेटर होते. सगळी डिझाइनं एका मोठ्या मशीनमध्ये पाच डिस्कांवर वाटून ठेवलेली असत. एक डिस्क बंद पडली, तर उरलेल्या चौघींवरून तिच्यातलं परत काढता यायचं. या सोयीला रेड म्हणत. त्या भरवशावर हाताने काढलेले मूळ कागद मीच रद्दीत घातले होते. दसऱ्याला खाली कारागिरांनी यंत्रं पुसून पुजली आणि मला राहवेना. मशीन बंद करून मी पाचही डिस्का वरून खाली अशा एकेक काढल्या, पुसल्या, वर्तमानपत्रावर ओळीत मांडल्या, ओलं कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि हाताला येतील तशा परत खोचल्या. कुठली कुठे होती याला काही महत्त्व असतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

मशीन सुरू केलं, तर पडद्यावर एकही डिझाइन नाही. नुसता एक प्रश्न, नव्याने बांधणी करू का? येत्या लग्नसराईचा सगळा माल त्यात होता.

काका आले तेव्हा शेठ चिडून म्हणाले, "सांज सुधी जोईश, पछी बटन दबावी दईश." संध्याकाळपर्यंत वाट बघायची आणि मग 'हो'चं बटण दाबून टाकायचं, असं त्यांचं ठरलं होतं. काका गुजरातीतच शांतपणे म्हणाले, "मशीन विचारतंय म्हणून हो म्हणायचं असतं का, शेठ? हो म्हटलं की ते जुन्यावर नवं लिहितं. मग ब्रह्मदेव आला तरी मिळणार नाही." त्यांनी शेठना बाहेर बसवलं, हात कोणी लावला ते विचारलं आणि माझं 'कोणीच नाही' ऐकून पाचही डिस्कांची एकेक नक्कल करायला घेतली. मूळ डिस्कांवर प्रयोग करायचा नाही, हा त्यांचा नेम होता. दुपार त्यातच गेली. मग त्या नकला जशाच्या तशा लावून त्यांनी पोपटाच्या साडीचं डिझाइन उघडलं. पोपटाची चोच किनारीत, शेपूट पदरात आणि मधे नुसत्या रंगाच्या चिंध्या.

"क्रम चुकलाय," काका म्हणाले. "शोधायला दोन दिवस लागतील. शेठ तेवढं थांबायचे नाहीत." त्यांनी एक डिस्क उजेडात धरली. डिस्कांवरचं कुंकू मी घाईघाईने पुसलं होतं, पण लेबलाच्या कागदात ते मुरलं होतं. मी माझी अनामिका मुठीत लपवली.

"बोट किती वेळा बुडवलंस, पोरी?"

"एकदाच."

"सुरुवात कुठून?"

"सगळ्यात वरच्या डिस्कपासून. काढल्या तशाच ओळीने."

सगळ्यात गडद डाग पहिला, सगळ्यात फिकट शेवटचा, असा त्यांनी क्रम लावला. या खेपेला पोपट सबंध उघडला. मी तिथेच रडायला लागले.

मग मी म्हटलं, "काका, शेठना आपोआप झालं म्हणून सांगा ना. माझी नोकरी जाईल."

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "एका दवाखान्यात ते 'हो'चं बटण मीच दाबलं होतं," ते म्हणाले. "पेशंटांच्या सगळ्या नोंदी गेल्या. हात कोणी लावला विचारलं, तर मी म्हटलं, कोणीच नाही. आळ तिथल्या ऑपरेटर बाईवर आला. तिला काढून टाकलं." ज्या माणसाला मी आत्ता देव मानत होते, तो हे सांगत होता. "तुला काय सांगायचं ते तू ठरव. मी सांगणार नाही."

मी शेठकडे गेले आणि सगळं सांगितलं. "डिस्कने कंकू?" म्हणजे डिस्कला कुंकू, एवढंच ते म्हणाले. नोकरी गेली नाही, पण माझी रवानगी साड्यांच्या घड्या घालायच्या खात्यात झाली. तीन महिन्यांनी काकांनीच मला आपल्या हाताखाली घेतलं. जे काही शिकले ते त्यांच्यापाशी. त्या दवाखान्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही कधी काढला नाही.

काका गेले ते बसल्याजागी, चहा पिताना. दहाव्याला नवसारीहून एक अनोळखी बाई आल्या. एका दवाखान्यात ऑपरेटर होते, म्हणाल्या.

"त्यांनी मला शोधून काढलं," त्या सांगू लागल्या. "घरी आले आणि माझ्या नवऱ्यासमोर, सासऱ्यांसमोर म्हणाले, चूक माझी होती, हिची नव्हे. तोवर घरात मला कोणी काही महत्त्वाचं हातात देत नव्हतं हो."

"कधी आले होते?"

"एका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. काल एका पोरीनं शेठसमोर खरं सांगितलं, म्हणाले, आता मला घरात बसवेना. तिचं नाव मी विचारलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे का, कोण ती?"

"मीच," मी म्हटलं.