भिंतीकडची मोकळी जागा

परळच्या एका जुन्या चर्चमागची दफनभूमी सांभाळणाऱ्या रखवालदाराला सगळे मामा म्हणतात. चर्चचा इतिहास लिहायला मी तिथं जायचो, तेव्हा झिजलेल्या दगडांवर ते घरून आणलेलं तांदळाचं पीठ चोळायचे, म्हणजे अक्षरं उमटायची. नाव उतरवून झालं की "झोपा, साहेब" म्हणत दगड पुसायचे.

भिंतीकडच्या मोकळ्या जागेत मी बॅग टाकायचो. ते रोज ती उचलून बाकावर ठेवायचे. "मातीनं खराब होईल, सर."

पुस्तक छापून आलं. हात धुऊन त्यांनी शेवटपर्यंत पानं उलटली.

"भिंतीकडची आमची आई नाय यात?"

तिथं दगड नव्हता.

"तुमी दगडावरचं लिवत होता, सर," ते म्हणाले.

त्या दिवशी बॅग खांद्यावरून उतरवायचा मला धीर झाला नाही.