सरकीच्या दोन पोत्यांवर काढलेला उन्हाळा

आमच्या घरातली एक बाई लेकराला घेऊन उन्हाळ्यात पहाडावर राहायला निघाली, याचं गावाला आधी हसू आलं आणि मग राग आला. ती बाई मी. कोण कोण हसलं ते मला आजही तोंडपाठ आहे. सांगत नाही, एवढंच.

समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली होती म्हणे, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला होता. अकोल्याकडच्या कुणा पाटलाने बंडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा ठोकून घेतल्या, असं सासऱ्यांनी अमरावतीच्या बाजारात ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात तेच बसलं. माझ्या डोक्यात माझी लेक होती. तिच्याआधीची दोन लेकरं दोन वैशाखांत ऊन लागून गेली. तिसरीच्या नाकातून होळीलाच रक्त यायला लागलं. हा वैशाख हिला इथे काढू द्यायचा नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

वाट दाखवली ती घरी तूप घेऊन येणाऱ्या गवळ्याने. त्याची वस्ती मेळघाटात, साहेब लोकांच्या बंगल्यांपासून दोन डोंगर पलीकडे. आमच्या अंगणात कापसातून निघालेल्या सरकीचा ढीग पाहून तो म्हणाला, "एवढी सरकी भेटली तं माह्या म्हशी दुधानं न्हाऊ घालतीन मले." मग सहज बोलला, की त्यांच्याकडे वैशाखातसुद्धा पहाटे गोधडी लागते.

मी तुपाचं भांडं तिथेच खाली ठेवलं. "भाऊ, एखांदी खोपडी देता काय आमाले? मिरगापर्यंत?"

"देतो ना बाई. दोन पोते सरकी आनजा."

दोन पोती सरकी आणि उन्हाळाभर एक झोपडी, इतकं सोपं होतं ते. पीठ, डाळ, तिखट, कांदे घरचेच. साहेबाला वर जायला पालखी लागते, खानसामा लागतो. मला काय, चूल मांडायला तीन दगड लागतात, आणि पहाडात दगडांना तोटा नव्हता.

त्या काळी सून सासऱ्यांशी बोलत नसे. काय ते सासूबाईंच्या तोंडून. त्या दिवशी मात्र मी दाराआड उभी राहून स्वतःच सांगितलं.

सासरे माझ्याशी न बोलता सासूबाईंवरच ओरडले, "कावून? येड लागलं काय इले? अखजीले पितराईची घागर कोन भरन? पितर काय पहाड चढून राहिले?"

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरायची, आणि ती घरच्याच उंबऱ्याआत, अशी आमच्याकडची रीत.

"मामंजी, त्या पितराईत दोन माहे बी हायेत," मी म्हणाले. "त्याईले मी जिथं असीन तिथं पानी भरीन."

सासरे उठून वावरात निघून गेले. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला तेवढं पुरे होतं. चौथ्या दिवशी नवऱ्याने बंडी जुंपली, आणि माझ्याआधी सासूबाई त्यात चढून बसल्या. मला काही विचारलं नाही, नवऱ्यालाही नाही.

फजिती घाटात झाली. आमच्या काळ्या मातीत शोधून दगड सापडत नाही, म्हणून बैलांना नाल ठोकायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पहिल्याच चढावर बैल लंगडू लागले, खुरांतून रक्त आलं.

"परतू," नवरा म्हणाला.

"बैल परतवा. मी नाई परतत." लेकीला काखेत घेतलं आणि चालायला लागले. मागे पाहिलं तर सासूबाई काठी टेकत येत होत्या. पुढे गवळी भेटला आणि सामान त्याच्या हेल्यांवर, म्हणजे रेड्यांवर चढलं. नवऱ्याने बैल एलिचपूरला नालबंदाकडे ठेवले आणि तिसऱ्या दिवशी मुकाट वर आला.

खोपडी गळकी होती, पिसवाही होत्या. पण लेकीच्या नाकातून पुन्हा रक्त आलं नाही. ती म्हशींमागे पळायची, जांभळं खाऊन जीभ काढून दाखवायची. मी तिला पळताना बघत बसायची. मला दुसरं काम सुचत नसे.

अखजीला मी झऱ्याचं पाणी आणलं. एका सपाट दगडावर पितरांची घागर मांडली, आणि तिच्याशेजारी दोन लहान लोट्या. कुंकू लावून हात जोडले. डोळे उघडले तर लेक धावत आली होती, घामाघूम, आणि तिने एक लोटी तोंडाला लावली होती. ती संपवून दुसरी उचलली.

पितरांचं पाणी उष्टं झालं. मी सासूबाईंकडे पाहिलं, भांडायच्या तयारीतच. त्यांनी नातीचं तोंड पदराने पुसलं, दोन्ही लोट्या उचलल्या आणि पुन्हा भरायला झऱ्याकडे गेल्या.

मिरगाआधी आम्ही खाली उतरलो. सासरे ओसरीवर बसले होते. नातीला त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग सासूबाईंना विचारलं, "त्या दोघा लेकराईले पानी देल्लं काय तिकडं?"

"देल्लं," सासूबाई म्हणाल्या. "दोघंई पोटभर पेले."

चांदीच्या धावांचं नाव त्यानंतर घरात निघालं नाही. पुढच्या होळीनंतर बैलांना नाल ठोकून आणायला सासरे स्वतः गेले.