मेथीच्या वाफ्यातलं शिसं

नव्वदच्या आसपास आम्ही धुळ्यात हायवेजवळ राहत होतो. मला पाचवा महिना होता. सासूबाईंनी घरामागे मेथी-वांग्यांचे चार वाफे केले होते. त्यांना सगळे अक्का म्हणायचे. कुंपणापलीकडे पत्र्याची शेड होती. तिथे ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. धुराची आम्हाला सवय झाली होती.

तिथला एक कामगार दुपारी अक्कांकडे ताक प्यायला यायचा. चोपड्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. एकदा मी त्याच्या हातात पेला दिला आणि तो खालीच पडला. त्याचा पंजा मनगटापासून लोंबत होता, वर उचलला जात नव्हता.

"पोटातही कळा येतात, ताई. अशक्तपणा असेल," तो ओशाळून म्हणाला.

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अंगात शिसं गेलं की असं होतं. त्याला दवाखान्यात पाठवा. आणि तुमच्या वाफ्यातली माती घेऊन या."

माती आम्लात उकळली, गाळली, त्यात क्रोमेटचे थेंब टाकले. परीक्षानळीच्या तळाशी शिशाचा पिवळा साका बसला. सर म्हणाले, "भाजीत किती उतरलंय ते आपल्याकडे कळणार नाही. पण खाऊ नका."

मला धास्ती भाजीची नव्हती. तिसऱ्या महिन्यापासून मी त्याच वाफ्यातली माती चोरून खात होते. पाणी शिंपडल्यावरचा वास आला की राहवायचं नाही. नवऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. पोटातल्या बाळाचं काय होईल, ते सरांना विचारायचा धीर झाला नाही.

घरी मी एवढंच सांगितलं की भाजी खायची नाही. अक्का चिडल्या. सगळी गल्ली हीच भाजी खात होती. "बठ्ठी गल्ली हाई भाजी खास. कोनले काय व्हयनं?"

मग मला रडू फुटलं आणि मातीचं सांगून टाकलं.

अक्का पदर खोचून वाफ्यात उतरल्या आणि मेथी मुळासकट उपटायला लागल्या. मग वांगी. नंतर ज्यांना ज्यांना जुड्या दिल्या होत्या, त्यांच्या घरी जाऊन आल्या. बहुतेकांनी हसून सोडून दिलं.

पुढे ती शेड तिथून हलली आणि हायवेनेच थोडी पुढे, दुसऱ्या कुणाच्या शेताला लागून उभी राहिली. तो कामगार गावी निघून गेला. त्याचा हात बरा झाला का, ते कळलं नाही.

मला मुलगी झाली. वजन चांगलं होतं, पण दोन वर्षं उलटली तरी ती बोलेना. जेवताना, न्हाऊ घालताना मी तिच्या ओठांकडे बघत राहायचे. अडीच वर्षांची असताना एका सकाळी ती म्हणाली, "अक्का, पानी दे." अक्का तांब्या तसाच ठेवून मला हाक मारत आल्या.

तरी शाळेत एखादं गणित तिला आलं नाही, की मला तो वाफाच आठवायचा. आता ती दोन मुलांची आई आहे. मातीचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.