महू म्हणजे इंदूरच

इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या खालच्या खोलीत राहणाऱ्या आंटी सिंधमधून आल्या, तेव्हा मी शाळेत होते. तिकडचं घर विकून. नागरिकत्वाचा अर्ज अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. तोवर व्हिसा वाढवत राहायचं. तो फॉर्म मी भरते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून गल्लीतले सगळे फॉर्म माझ्याकडे येतात. मला सगळं कळतं असं लोकांना वाटतं.

आंटींच्या व्हिसावर एकच शहर आहे, इंदूर. परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात महूला आजोबांकडे मामेबहिणीची हळद होती. आंटींनी चलावं, हा हट्ट माझा. बसमध्ये चढताना त्यांनी विचारलं, "बेटा, वो इंदौर में ही है ना?"

"हो आंटी, महू म्हणजे इंदूरच."

आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. जिल्हा इंदूर, आजोबांच्या पेन्शनच्या कागदावरही इंदूर. मधे शहराची हद्द संपते आणि पुढे फौजेची छावणी लागते, हे माझ्या मनातच आलं नाही. छावणी म्हणजे माझं आजोळ.

त्या दिवसाचं ऊन अजून आठवतं. राऊ गाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना गव्हाची कोवळी शेतं आली. आंटी खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. अर्धवट झोपेत त्या म्हणाल्या, "हमारे गाँव में नहर के पास ऐसा ही था." मला वाटलं, बस तिकडेच चालली आहे, आता कालवा लागेल, त्यांचं घर येईल, दार उघडंच असेल.

आजोबा जुने फौजी. त्यांनी आंटींना पाटावर बसवलं आणि म्हणाले, "तुम्हारे उधरवालों से मैं लड़ा हूँ!"

"तो आज खाना खिलाओ, दादाजी, बदला पूरा."

आजोबा ठसका लागेपर्यंत हसले. बायकांनी आंटींच्या गालांना हळद लावली. परतताना बसभर तोच वास होता.

या वर्षी आदेश आला. तिकडून आलेल्यांपैकी ज्यांचा व्हिसा संपला, त्यांनी परत जायचं. आंटींच्या व्हिसाचे नऊ दिवस उरले होते. मी फॉर्म उघडला. एका प्रश्नावर माझं बोट थांबलं: परवानगीच्या जागेबाहेर गेला होता का? तेव्हा कुठे मी हद्दीचे नियम नीट वाचले. मी 'नाही' निवडलं आणि मग आंटींना सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "मुझे भेज देंगे?"

"माहीत नाही."

"लिख दे. हल्दी में गई थी, पीली होके आई थी."

मी उत्तर बदललं. वेगळ्या कागदावर लिहिलं, की त्यांना मीच नेलं, त्यांनी विचारलं होतं आणि मी चुकीचं सांगितलं. खाली सही केली.

व्हिसाच्या ऑफिसातल्या बाबूंनी तो कागद दोनदा वाचला. "क्या मैडम, 'नहीं' लिख देतीं तो कौन पूछता?"

आंटी म्हणाल्या, "अभी कॉलेज में है भिया, सीख जाएगी."

बाबू हसले, पण फाइल त्यांनी ठेवून घेतली. उत्तर येईपर्यंत राहता येईल, दर सोमवारी ठाण्यात सही करायची. उत्तर काय येईल, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

ते अजून आलेलं नाही. सोमवारी मी आंटींबरोबर ठाण्यात जाते. सही झाली की त्या मला कॉलेजच्या बसपर्यंत सोडायला येतात. कधीकधी मधेच थांबतात, गालात हसतात आणि विचारतात, "बेटा, ये इंदौर ही है ना?"

मी लगेच हो म्हणत नाही. आधी दुकानावरची पाटी वाचते, शेवटच्या ओळीतल्या शहराच्या नावापर्यंत. मग म्हणते, "हो आंटी." तेवढा वेळ त्या पाऊल उचलत नाहीत.